आट्यांवर भार, सीलवर वायू: केसिंग-ट्यूबिंगच्या जोडांची पारख

तेल-वायूच्या विहिरीच्या भोकाला अस्तर म्हणून घातलेले पोलादी पाइप म्हणजे केसिंग, आणि त्याच्या आतून तेल-वायू वर आणणारे बारीक पाइप म्हणजे ट्यूबिंग. केसिंगचा जोड निवडताना बहुतेकांची नजर डेटाशीटवरच्या एकाच आकड्यावर थांबते: ताणातली कार्यक्षमता. तिथे १०० टक्के दिसले की जोड पाइपइतकाच मजबूत आहे, म्हणजे निवड झाली, असे धरले जाते. आकडा खोटा नसतो, पण तो फक्त ओढीबद्दल सांगतो. बटरेस हा जुना प्रमाणित जोड बहुतेक मापांत पाइपइतकी ओढ सहज सोसतो आणि तोच जोड वायूच्या विहिरीत गळतो. जोडाला दोन कामे असतात, भार पेलायचा आणि दाब अडवायचा. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) जुन्या जोडांत दोन्ही कामे आट्यांवरच टाकलेली आहेत, प्रीमियम जोडांत ती वेगळी केलेली आहेत. खालची सगळी पारख याच फरकावर उभी आहे.

३,००० मीटर खोलीच्या विहिरीत साधारण १२ मीटरचे रेंज-३ पाइप घातले, तर २५० जोड होतात. प्रत्येक कपलिंगला, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या आखूड नळीला, दोन बाजू, म्हणजे घट्ट करायच्या ५०० बाजू. त्यातल्या निम्म्या कारखान्यात आवळून येतात आणि निम्म्या रिगवर आवळाव्या लागतात. यातली एक जरी गळली तरी अख्खी स्ट्रिंग, म्हणजे जोडलेल्या पाइपांची पूर्ण माळ, गळकी ठरते.

आठ-राउंड: साधा, स्वस्त, आणि मर्यादा ओळखणाऱ्यांसाठी चांगला

एपीआय आठ-राउंडमध्ये इंचाला ८ आटे, व्यासावर फुटामागे पाऊण इंच उतार आणि आट्याच्या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो. आखूड कपलिंगचा तो एसटीसी, लांब कपलिंगचा तो एलटीसी. ६० अंशांचा कोन म्हणजे भार घेणारी बाजू ३० अंश कललेली. ओढ वाढली की ही कललेली बाजू कपलिंगला बाहेर फुगवते आणि पिनला, म्हणजे पाइपच्या आटे पाडलेल्या टोकाला, आत दाबते. मोठ्या व्यासाच्या, पातळ भिंतीच्या पाइपमध्ये आटे न तुटताच पिन कपलिंगमधून निसटून येते, ती यामुळे. ७ इंची, २९ पौंडी (फुटामागे वजन), एल-८० ग्रेडच्या पाइपच्या अंगाची यील्ड ताकद (कायमचा आकार बदलण्याआधी सोसता येणारी ओढ) ६,७६,००० पौंड आहे. त्यावरच्या एलटीसी जोडाची ५,८७,०००. म्हणजे सुमारे ८७ टक्के.

गळतीचा प्रश्न वेगळा आहे. एका आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याचा तळ यांच्यात सुमारे ०.००३ इंचाची फट मुद्दाम ठेवलेली असते. ही फट मळसूत्रासारखी फिरत आतून बाहेरपर्यंत जाते आणि तिला बुजवतो तो फक्त डोप, म्हणजे आट्यांना लावायचे ग्रीस. एपीआय मॉडिफाइड डोपमध्ये वजनाने ६४ टक्के घन पदार्थ असतात: शिशाची पूड ३०.५, ग्रॅफाइट १८, जस्त १२.२ आणि तांबे ३.३ टक्के. हे कण फटीत ठासून बसतात तोवर तेल आणि पाणी अडते. उष्णतेने ग्रीस सुकले, आकसले, की वाट मोकळी होते, आणि वायूला ती पहिल्यांदा सापडते.

म्हणून सरफेस केसिंग, उथळ तेलविहीर, मध्यम दाब आणि मध्यम तापमान असेल तर एलटीसी निःशंकपणे घ्यावा. कोणत्याही वर्कशॉपमध्ये त्याचे आटे पुन्हा पाडता येतात आणि कोणतीही क्रू तो आवळू शकते. जिथे हा पुरतो तिथे महागडा जोड घालणे म्हणजे पैसे पुरणे होय. वायूच्या उत्पादन केसिंगला मात्र तो घालू नये, कितीही चांगला डोप लावला तरी.

आवळताना टॉर्क आणि स्थान दोन्ही पाहावे लागते. एपीआयच्या तक्त्यातला टॉर्क हा जोडाच्या निसटण्याच्या ताकदीच्या १ टक्का असतो; वरच्या उदाहरणात ५,८७० फूट-पौंड. किमान मर्यादा ७५ टक्के, कमाल १२५ टक्के. कपलिंगची कडा आटे संपतात त्या रेषेपाशी यायला हवी. रेषा दोन आट्यांइतकी आत गाडली गेली तरी ७५ टक्के टॉर्क येत नसेल, तर कपलिंग सैल आहे किंवा उतार चुकला आहे. तो जोड बाजूला काढावा. उलट टॉर्क भरला आणि आटे बाहेरच राहिले, तर १२५ टक्क्यांपर्यंत जावे. तेव्हाही तीनपेक्षा जास्त आटे उघडे दिसत असतील तर तोही संशयित धरावा. डोप, मुलामा आणि आट्यांची सफाई यांवर टॉर्क बदलतो, म्हणून एकट्या टॉर्कवर विसंबता येत नाही.

ट्यूबिंगमधला ईयूई हा याच घराण्यातला. २ ३/८ इंच आणि त्यापुढच्या मापांत तोही ८ आट्यांचा, पण पाइपचे टोक बाहेरून जाड केलेले असते, त्यामुळे आटे पाडूनही जोड अंगाइतकाच ताकदवान राहतो. जाड न केलेल्या एनयूईमध्ये आटे सरळ भिंत खातात. सकर-रॉड पंपाच्या तेलविहिरीला ईयूई उत्तम, कारण ती ट्यूबिंग वर्कओव्हरसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, वरचेवर बाहेर निघते आणि हा जोड पुन्हापुन्हा आवळणे सोसतो. गळती रोखायला कपलिंगमध्ये खाच पाडून टेफ्लॉनची रिंग बसवण्याची पद्धत आहे. ती थोडीफार मदत करते, पण खाचेमुळे कपलिंगची भिंत तिथे पातळ होते आणि रिंग वाकडी बसली तर पिन तिला कापत आत जाते.

बटरेस: ओढीत बलवान, दाबात लबाड

बटरेसमध्ये इंचाला ५ आटे. भार घेणारी बाजू फक्त ३ अंश कललेली, आत शिरणारी बाजू १० अंश. ३ अंशांमुळे कपलिंगला फुगवणारा जोर अगदी कमी उरतो आणि निसटण्याची भीती जवळजवळ जाते. १३ ३/८ इंचापर्यंत उतार फुटामागे पाऊण इंच, १६ इंच आणि पुढे एक इंच. इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याच्या) केसिंगसाठी, खोल आणि जड स्ट्रिंगसाठी हा फार गुणी जोड आहे.

त्याची फट आट्याच्या शिरणाऱ्या बाजूला असते. ओढ असताना भाराच्या बाजू एकमेकींवर दाबून राहतात आणि फटीत डोप बसतो. पाइप दाबला गेला की भार दुसऱ्या बाजूवर जातो, फट इकडून तिकडे सरकते आणि डोप पंप केल्यासारखा बाहेर ढकलला जातो. तापणाऱ्या-थंडावणाऱ्या विहिरीत हे प्रत्येक फेरीला घडते. सुरुवातीची दाबचाचणी नीट पार पडलेला बटरेस काही महिन्यांनी ॲन्युलसमध्ये (दोन पाइपांमधल्या पोकळीत) दाब दाखवू लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

बटरेससाठी एपीआयने टॉर्कचा तक्ता दिलेलाच नाही. पाइपवर ३/८ इंचाचा त्रिकोण ठोकलेला असतो; पहिले काही जोड त्रिकोणाच्या पायापर्यंत आवळून किती टॉर्क लागला ते नोंदवायचे आणि त्यावरून पुढचा टॉर्क ठरवायचा. ही पायरी गाळून दुसऱ्या विहिरीचा आकडा वापरणे धोक्याचे, कारण मुलामा, डोप आणि ग्रेड बदलला की आकडा बदलतो. शिवाय यात थांबायला शोल्डर (अडवणारा खांदा) नाही. सिमेंट करताना केसिंग फिरवली तर पिन आत-आत सरकत राहते, कपलिंग फुगते आणि पिनचे नाक आत वळते. मग ड्रिफ्ट, म्हणजे आतला व्यास मोकळा आहे का ते तपासायचा दंडगोल, अडकतो. यावर उपाय म्हणून कपलिंगच्या मधल्या मोकळ्या जागेत टॉर्क-रिंग घालतात, किंवा दोन पिनांची टोके मध्ये भिडतील असे सुधारित बटरेस मिळतात. त्यांना बाजारात सेमी-प्रीमियम म्हणतात. टॉर्क सोसण्यापुरते ते खरोखर चांगले आहेत, पण धातूवर धातूचे सील त्यांच्यात असेलच असे नाही. शोल्डर दिसला म्हणून वायू अडेल असे समजणे ही खरेदीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सील कुठे आहे ते ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

प्रीमियम जोड: पैसे कशाचे मोजतो

व्हॅम टॉप, टेनारिसहायड्रिल ब्लू, जेएफई बेअर यांसारख्या जोडांत तीन भाग वेगळे असतात. आटे भार घेतात, पिनच्या नाकाजवळची घडीव पट्टी बॉक्सच्या (पिन जिच्यात शिरते त्या बाजूच्या) पृष्ठभागावर दाबून बसते ते सील, आणि थांबण्यासाठी शोल्डर. सीलवरचा स्पर्शदाब आतल्या वायूच्या दाबापेक्षा जास्त राहिला पाहिजे, एवढेच त्याचे गणित. आतला दाब पिनच्या नाकाला बाहेर ढकलतो, म्हणजे सीलला मदतच करतो. बाहेरचा दाब आट्यांतून झिरपून सीलच्या मागे येतो आणि नाकाला आत ढकलतो, म्हणजे सील सैल करतो. त्यामुळे बाहेरच्या दाबाची क्षमता स्वतंत्रपणे तपासावी. आतल्या दाबाच्या आकड्यावरून तिचा अंदाज बांधू नये. अनेक डिझाइनांत आट्याची भार घेणारी बाजू उलट कोनाची, हुकासारखी असते. ओढ आणि वाक आला की ती पिन-बॉक्सला एकमेकांकडे खेचते.

प्रीमियममध्येही सगळे सारखे नाहीत, आणि फरक बहुधा दाबल्या जाण्याच्या क्षमतेत उघड होतो. खाली पॅकरने (ट्यूबिंग केसिंगमध्ये घट्ट बसवणाऱ्या सीलने) आणि वर हँगरने अशी दोन्ही टोकांना बांधलेली ट्यूबिंग १०० अंश सेल्सियसने तापली, तर पोलादात अंदाजे २५० मेगापास्कल दाबताण येतो. एल-८० ची किमान यील्ड ५५२ मेगापास्कल. म्हणजे नुसत्या तापण्याने यील्डच्या जवळजवळ ४५ टक्के गेले, अजून वजन, वाक, दाब यांचा हिशेब बाकीच आहे. दाबले जाण्यातली कार्यक्षमता ४० टक्के असलेला जोड इथे पहिल्याच महिन्यात हद्द ओलांडेल, जरी त्याच्या ओढीच्या रकान्यात १०० लिहिले असले तरी. नंतर ॲसिडचे काम करताना तीच ट्यूबिंग थंड होऊन ताणात जाते. म्हणून आपल्या विहिरीतल्या प्रत्येक अवस्थेचे (उत्पादन, शट-इन म्हणजे बंद विहीर, ॲसिड, सिमेंट, रिकामी ट्यूबिंग) भारबिंदू काढून ते जोडाच्या क्षमतावक्रात टाकून पाहावेत. सगळे बिंदू आत बसले तरच जोड चालेल. पाइपचा वक्र आणि जोडाचा वक्र एकच समजू नये.

वाकाचा ताण काढणे सोपे आहे: २१८ गुणिले व्यास इंचात, गुणिले १०० फुटांमागे वळण अंशांत, उत्तर पीएसआयमध्ये. ५ १/२ इंची पाइप १० अंशांच्या वळणात सुमारे १२,००० पीएसआय घेतो. तो स्थिर असेल तर ठीक. त्याच वळणात केसिंग फिरवली तर प्रत्येक फेरीला हा ताण उलटसुलट होतो आणि आट्याच्या तळाशी थकवा साचतो. आडव्या विहिरीत लांब केसिंग फिरवत न्यायची असेल तेव्हा टॉर्कची हद्द आणि थकव्याची चाचणी या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. अशा कामाला वेज आटे फार चांगले: आट्याची रुंदी हळूहळू बदलते, दोन्ही बाजू एकमेकींत पाचरीसारख्या आवळल्या जातात आणि शोल्डर नसतानाही प्रचंड टॉर्क सोसला जातो. मात्र त्यात डोप अडकून राहतो आणि खोटा टॉर्क दाखवतो. डोप पातळ लावावा, शेवटचा टॉर्क काही सेकंद धरून ठेवावा.

चाचणीचा अहवाल मागताना एपीआय आरपी ५सी५ या जोडांच्या चाचणीपद्धतीचे नाव पुरेसे नाही. कोणती कॅल पातळी (चाचणीच्या कडकपणाची), १ की ४? पातळी ४ सर्वांत कडक. मालिका ए (दाब, ओढ, दाबले जाणे), बी (त्यात वाक), सी (तापमानाच्या फेऱ्या) या तिन्ही झाल्या का? कोणते माप, कोणती जाडी, कोणती ग्रेड, कोणता डोप? ९ ५/८ वर केलेली चाचणी ५ १/२ च्या जोडाला आपोआप लागू होत नाही. मधल्या मापांसाठी काय गणित केले ते लेखी मागावे. वाफ सोडायच्या विहिरीसाठी ही चाचणी अपुरीच आहे. तिथे तापमान फार वर जाते आणि पाइप दर फेरीला यील्ड होतो. त्यासाठी २०१३ मध्ये आयएसओ/पीएएस १२८३५ हा वेगळा दस्तऐवज निघाला.

बसतो का, हे आधी मोजा

७ इंची, २९ पौंडी केसिंगचा आतला व्यास ६.१८४ इंच, ड्रिफ्ट ६.०५९. ५ १/२ इंची पाइपचे नेहमीचे कपलिंग ६.०५० इंचाचे. ड्रिफ्टच्या आत ते ०.००९ इंचाने बसते. कागदावर बसते, विहिरीत बसत नाही. सिमेंटला तर वाटच उरत नाही. कमी व्यासाचे ५.८७५ इंची खास कपलिंग घेता येते, पण भिंत पातळ झाल्याने ताकद कमी होते. खरा पर्याय सेमी-फ्लश किंवा फ्लश. फ्लशमध्ये पिन आणि बॉक्स एकाच भिंतीतून कोरलेले, म्हणून ओढीची कार्यक्षमता ढोबळमानाने ५० ते ७० टक्क्यांवर येते. सेमी-फ्लशमध्ये टोक थोडे फुगवून ती त्याहून बरीच वर नेतात. फ्लश स्ट्रिंगला कपलिंगचा खांदा नसतो, त्यामुळे नेहमीचे एलेव्हेटर (पाइप उचलणारी पकड) धरत नाहीत. लिफ्टिंग प्लग किंवा स्लिप-टाइप एलेव्हेटर आणि सेफ्टी क्लॅम्प आधी रिगवर पोचलेले हवेत.

रिगवर काय बिघडते

प्रीमियम जोडाचा निकाल टॉर्क-टर्नच्या, म्हणजे फेऱ्यांप्रमाणे टॉर्क दाखवणाऱ्या, आलेखात लागतो. आधी आट्यांच्या घर्षणाची हळू चढण, मग सीलची थोडी तीव्र चढण, आणि शोल्डर भिडल्यावर जवळजवळ उभी रेषा. शोल्डर किती टॉर्कवर भिडावा याची खिडकी निर्माता देतो. मध्येच उंचवटा येऊन खाली आला तर डोप जास्त झाला. करवतीसारखी रेषा आली तर टाँगचे (पाइप आवळणाऱ्या यंत्राचे) डाय, म्हणजे पकडीचे दात, घसरत आहेत किंवा आटे खरवडले जात आहेत. जोड उघडून पाहावा. शोल्डर फार लवकर आणि उंच भिडला तर आत कचरा आहे किंवा सीलला इजा झाली आहे. उभी रेषा आलीच नाही, तर अंतिम टॉर्क भरला असला तरी जोड नापास.

टाँगचा हात आणि स्नब लाइन (टाँगला अडवून धरणारी दोरी) यांत काटकोन हवा. लाइन ७० अंशांवर असेल तर प्रत्यक्ष टॉर्क दाखवलेल्यापेक्षा ६ टक्के कमी बसतो, आणि आलेखात ते कुठेही दिसत नाही. लोड सेलचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हातात घेऊन पाहावे. बॅकअप (खालची बाजू फिरू न देणारी पकड) कपलिंगवर नाही, खालच्या पाइपवर लावावा. कारखान्याच्या बाजूला खडूची रेघ मारावी, म्हणजे ती बाजू फिरली का ते कळते.

डोपचा घर्षण गुणांक डब्यावर छापलेला असतो. एपीआय मॉडिफाइडला १.० धरून टॉर्क ठरवलेला आहे, ०.९ किंवा १.१ चा डोप वापरला तर टॉर्कला त्याने गुणावे लागते. डबा तळापासून ढवळावा, कारण जड घन पदार्थ खाली बसतात. साठवणीचे ग्रीस म्हणजे डोप नव्हे, ते पूर्ण पुसून काढावे. ट्यूबिंगमध्ये जादा डोप आत गळून तळाशी जातो, पर्फोरेशन (केसिंगला पाडलेली भोके) बुजवतो, निपलमध्ये साचून वायरलाइनची हत्यारे अडवतो. डोपलेस किंवा क्लीनवेलसारखे कारखान्यातूनच लेप दिलेले जोड याचसाठी आवडावेत असे आहेत; त्यांना सॉल्व्हंटने धुऊ मात्र नये.

१३ टक्के क्रोम आणि त्याहून उंची मिश्रधातू सहज गॉल होतात: दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि तुकडे ओरबाडून काढतात. बॉक्सला तांब्याचा मुलामा, स्टॅबिंग गाइड, पाइपचे वजन तोलणारा कॉम्पेन्सेटर, कमी ओरखडे पाडणारे डाय आणि शेवटच्या फेऱ्या अतिशय हळू, हे सगळे लागते. यातले एकही ऐच्छिक मानू नये. पाइप सरळ उभा नसेल तर पहिल्या दोन फेऱ्यांतच नुकसान होऊन जाते. सीलला आडवा छेदणारा, म्हणजे पाइपच्या अक्षाच्या दिशेने ओरखडा दिसला तर तो जोड पुन्हा आटे पाडायला पाठवावा. एमरीने घासून तो बुजत नाही.

एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) असलेल्या विहिरीत कपलिंगची ग्रेड वेगळी तपासावी. जोड आवळल्यावर कपलिंग कायम फुगवट्याच्या ताणात असते, आणि सल्फाइडची चीर अशाच ताणात पडते. एल-८०, सी-९०, टी-९५ चालतात. पी-११० फक्त ८० अंश सेल्सियसच्या वर, आणि विहिरीचा वरचा थंड भाग त्यात बसत नाही. पाइप बरोबर ग्रेडचा आणि कपलिंग दुसऱ्याच ग्रेडचे, असे होऊ नये म्हणून रंगपट्टे पाइपवर आणि कपलिंगवर वेगवेगळे वाचावेत.

ऑर्डरमध्ये पाइपबरोबर फ्लोट कॉलर, हँगर, निपल, पप जॉइंट आणि क्रॉसओव्हर त्याच जोडाचे, परवानाधारक वर्कशॉपमधून आटे पाडलेले लिहावेत. याच वस्तू सर्वांत उशिरा पोचतात, आणि त्यातला एक जरी बिनपरवान्याचा किंवा जवळपासच्या जोडाचा निघाला तर वरखालचे सगळे प्रीमियम जोड त्या एका आट्याइतकेच भरवशाचे राहतात. नव्या पिढीचा जोड जुन्याशी जुळतो असे विक्रेता म्हणाला, तर कोणत्या मापात, कोणत्या जाडीत आणि कोणत्या कमी झालेल्या क्षमतेवर जुळतो हे निर्मात्याच्या सहीने मागावे.